पूर्वेच्या भिंतीवरचं हिरवं

मैनाला स्वस्थ बसणं माहीतच नव्हतं. जेवायला बसली तरी एक गुडघा उभा, घास तोंडात आणि डोळे भांड्याच्या बुडाला काजळी राहिली का ते शोधण्यात. तिचा नवरा मोतीराम म्हणायचा, "हिले सरणावर ठेवलं ना, तं उठून लाकडं नीट रचीन अन् मंग निजीन." मोतीराम गवंडी होता. त्याचा हात कामात सावकाश चाले आणि जीभ भरभर. मैनाचं नेमकं उलटं होतं, म्हणून संसार बरा चालला होता.

घर घासून झालं की मैनाचे हात शिवशिवायचे, आणि मग ती विहिरीवर जायची.

ही विहीर वस्तीची. तेल्हाऱ्याच्या बाजूला, काळ्या रानातल्या त्या गावात, धम्मदीक्षेनंतर दुसऱ्या उन्हाळ्यात वस्तीतल्या बायामाणसांनी स्वतः खोदलेली. त्याआधी पाणी मिळायचं ते गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या, खुशालरावांच्या, मळ्यातल्या विहिरीवर. मिळायचं म्हणजे कसं, तर विहिरीच्या ओट्याखाली घागर घेऊन उभं राहायचं आणि वरून कोणीतरी पोहऱ्यानं ओतायचं. धार निम्मी घागरीत पडायची, निम्मी डोक्यावर. ओतणारी बाई कामात असली की उन्हात तास तास तिष्ठायचं, आणि हाक मारायची नाही, कारण हाक मारली की तिला राग यायचा. मैना परकरात होती तेव्हापासून त्या ओट्याखाली उभी राहिली होती, आणि लग्न गावातच झाल्यामुळे सासरची घागर घेऊनही तिथंच उभी राहिली.

म्हणून वस्तीची विहीर खोदायला घेतली तेव्हा म्हाताऱ्या जाईबाईनं एकच हट्ट धरला. विहिरीला पायऱ्या हव्यात. "ज्यानं त्यानं आपल्या पायानं उतरावं अन् आपल्या हातानं भरावं," ती म्हणाली. मोतीरामनं एक पैही न घेता दगडी बांधकाम केलं, पाण्यापर्यंत उतरत्या पायऱ्या बांधल्या. हा सगळा मुलूख खारपाणाचा. जमिनीत कुठंही खणा, मिठासारखं पाणी लागतं. तरी या विहिरीचं पाणी पिण्याजोगं निघालं. किंचित मचूळ होतं, पण त्यात डाळ शिजायची, साबणाला फेस यायचा. एवढ्यावरच लोक नाचले. जाईबाई पहिली ओंजळ प्याली आणि ती कितीतरी वेळ तोंड पुसायची विसरली.

पुढच्या पावसाळ्यात विहिरीच्या पूर्वेच्या भिंतीवर शेवाळ धरलं. पाण्याच्या वर हातभर, चटईएवढ्या जागेत, दगडांच्या फटींतून निघून दगडांवर पसरलेलं, मखमलीसारखं दाट. बाकीच्या तीन भिंतींवर तसलं काही नव्हतं. तिथं उन्हाळ्यात पांढरा खार फुटायचा, तेवढाच.

मैनाच्या अंगाचा तिळपापड झाला. खार चालेल, कोळिष्टक चालेल, पण हे हिरवं तिला डोळ्यांपुढं नको होतं. का नको होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. ती काथ्या आणि वाळू घेऊन पायऱ्या उतरली आणि कपाळावरचा घाम पाण्यात टपटपेपर्यंत घासत राहिली. पंधरा दिवसांनी ते पुन्हा आलं. तिनं पुन्हा घासलं. मग हा खेळच झाला. शेवाळाला घाई नव्हती आणि मैनाला दम धरवत नव्हता.

"राहू दे ना व मैना," जाईबाई वरून म्हणायची. "त्यानं तुह्यं काय खाल्लं?"

"विहीर आपली हाय ना, माय? मंग लोकायनं येऊन पाह्यलं तं आरशासारखी दिसाले पायजे."

वस्तीत तिचं कौतुकच झालं. तेल्हाऱ्याच्या शाळेत मास्तर असलेले जानराव वस्तीचे पुढारी. ते बैठकीत म्हणाले, की मैनाबाईकडून सगळ्यांनी धडा घ्यावा, स्वच्छता म्हणतात ती ही. बाया कौतुकानं आणि थोड्या खट्याळपणानं तिला घासणीबाई म्हणू लागल्या. मैनाला ते नाव गोड वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या चुळबुळीला कुणी चांगलं नाव दिलं होतं.

पण शेवाळ काही हटेना. तेव्हा तिनं मोतीरामच्या मागं लकडा लावला. ऊठसूट एकच धोशा: गिलावा करा. मोतीराम म्हणाला, दगडी विहिरीला आतून गिलावा कोण करतो? ती म्हणाली, तुम्ही करा. अखेर त्यानं कुठून कुठून सिमेंट जमवलं आणि पूर्वेची भिंत वरपासून नेहमीच्या पाण्याच्या खालपर्यंत लिंपून काढली. उन्हाळा होता, पाणी खाली गेलेलं होतं, काम बेतानं जमलं. आणि कसं जमलं! हात फिरवला तर बोट घसरावं. शेजारच्या गावांतून माणसं बघायला आली. मोतीरामला त्या एका भिंतीनं नाव दिलं. त्याला आकोटची कामं मिळू लागली. पाहुणा आला की तो चहाच्या आधी त्याला विहिरीवर न्यायचा.

शेवाळ मेलं. मैना आठ दिवस सुखानं झोपली.

आणि पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खारं झालं. आधी डाळ शिजेना. मग साबणाला फेस येईना. मग चहात दूध घातलं की ते फाटायला लागलं. जाईबाईनं एक घोट घेतला आणि थुंकून टाकला. जानराव म्हणाले, खारपाणपट्टा आहे, जमिनीच्या पोटातलं कुणाला कळतं, असं होतंच. कुणी म्हणालं पाऊस कमी झाला, कुणी म्हणालं विहीर फार खोल गेली. गिलाव्याचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही, मैनाच्याही नाही.

तेव्हाच खुशालरावांचा निरोप आला. माणूस वाईट नव्हता. "पाण्याले मी कोनाले नाई म्हनत नाई," असं त्यांनी जानरावांना बोलावून सांगितलं, "कायदाही आता तुमच्याच बाजूनं हाय. पन घरात आमच्या बुढीचं, गोदाबाईचं, सोवळं तुमाले ठाव हाय. बायांनी ओट्याखाली उभं राहावं, गडी वरून ओतून देईन. कोनाची मनं कावून दुखवायची?"

वस्तीनं तो उन्हाळा कसाबसा काढला. बाया लांब नदीच्या पात्रात जाऊन वाळू उकरून पाणी आणत. पण सगळ्यांना कळत होतं की आणखी एक उन्हाळा असा निघणार नाही. म्हातारी माणसं आजारी पडू लागली होती. जानराव म्हणाले, पुढच्या फाल्गुनात बसू आणि ठरवू. मैना त्या दिवशी घरी येऊन मोतीरामला म्हणाली, "मी नदीवर जाऊन मरन, पन त्या ओट्याखाली पुन्हा उभी राहनार नाई." 

पावसाळ्यात मोतीरामला चिखलदऱ्याचं काम आलं. एका सरकारी बंगल्याच्या आतल्या खोल्यांचा गिलावा करायचा होता. स्वयंपाकाला कोणीतरी हवं म्हणून तो मैनाला घेऊन गेला. परतवाड्याच्या मोटारस्टँडवर त्यांनी भाकरी खाल्ली आणि गाडी घाटाला लागली तसा मैनाचा जीव कासावीस झाला. काळ्या सपाट रानात वाढलेली बाई ती. तिला आभाळ लांब दिसायची सवय. इथं आभाळ येऊन खांद्यावर बसलं होतं.

आणि इथं सगळंच हिरवं होतं. तिच्या शत्रूचं माहेरच म्हणा ना. झाडांच्या खोडांवर शेवाळ, फांद्यांवर शेवाळ, कौलांवर, वाटेच्या दगडांवर, मजुरांच्या खोपटांच्या कुडांवर. मोतीराम गिलावा सारखा करायचा लाकडी रंधा दोन दिवस बाहेर विसरला तर त्यालाही हिरवी लव फुटली. मैना पहिल्या दिवशी खोपटाचा उंबरठा घासून बसली. दुसऱ्या दिवशी उंबरठ्याबाहेरची फरशी. तिसऱ्या दिवशी तिनं पाठीमागचा कातळ धरला, तेव्हा मोतीराम ओल्या गिलाव्याचे हात तसेच धरून बाहेर आला.

"आता आख्खा डोंगर घासतं काय, व?"

"पाय सरकते त्याच्यावरून."

"मंग हळू चाल. तेवढं तुले जमनार नाई, डोंगर घासनं जमते!"

तो कातळ म्हणजे मजुरांची पाण्याची जागा होती. पाऊस उघडला तरी त्याच्यावरच्या जाड शेवाळातून थेंब थेंब ठिबकत राहायचा, आणि खाली ठेवलेली घागर भरायची. स्वच्छ, थंड, गोडं पाणी. मैनानं तो कातळ अर्धा खरवडून काढला तसं ते पाणी गढूळ झालं. पाऊस पडला की तांबडा लोंढा यायचा, पाऊस थांबला की सगळं कोरडं. मजुरांच्या बाया कुरकुरू लागल्या. हे कुणी केलं ते ठाऊक नव्हतं असं नाही, पण गवंड्याच्या बायकोला कोण बोलणार! मैना मात्र मनातून चरकली. तिनं उरलेल्या अर्ध्या कातळाला हात लावला नाही.

उंबरठ्यावरचं शेवाळ मात्र तिनं सोडलं नाही. घासून जात नाही तर काय करावं, म्हणून तिनं घरून आणलेलं खडे मीठ मूठभर घेतलं आणि त्यावर टाकलं. चार दिवसांत ते शेवाळ भाजल्यासारखं तांबूस झालं. मग काळं. इतका पाऊस पडत होता, तरी तिथं पुन्हा हिरवा ठिपका उगवला नाही. "मेलं एकदाचं," ती म्हणाली, आणि त्या रात्री तिला झोप लागली नाही.

का लागली नाही, ते तिलाच कळेना. तिला आनंद व्हायला हवा होता. पण उंबरठ्यावरच्या त्या काळ्या डागावरून जाता येता तिचा पाय अडखळायचा.

पावसानं मग काही दिवस दडी मारली. ऊन पडलं. मोकळ्या दगडांवरचं शेवाळ वाळून जुन्या तंबाखूसारखं चुरचुरीत झालं. मैना भांडी विसळत होती, तिनं हात झटकला आणि चार थेंब एका वाळक्या ठिगळावर पडले. तिच्या डोळ्यांसमोर ते मिटलेलं ठिगळ उलगडलं. बारीक बारीक पानं बाहेर वळली आणि तांबूस रंगाचं हिरवं झालं, चुलीवर दूध वर येतं तितक्या वेळात. मैना विसळायची भांडी तशीच ठेवून खाली बसली.

मग ती रोज बसू लागली. मोतीरामला आधी वाटलं, हिला ताप आला. कातळाजवळ उकिडवी बसून ती शेवाळ बघायची. त्यात राईएवढ्या टोप्या घातलेल्या केसासारख्या काड्या उभ्या असायच्या. खाली बोटाला लागेल इतकीच माती, आणि ती माती त्या शेवाळानंच धरून ठेवलेली. त्या चिमूटभर मातीत एक नेचा उगवलेला, नेच्याच्या मुळाशी एक किडा, किड्याच्या मागं एक टिचभर पाखरू. दगडावर काहीही उगवत नाही असं ती जन्मभर समजत आली होती. इथं दगडाला पहिली भीड घालायला हेच पुढं जातं, आणि मग बाकीच्यांना जागा होते. मूळ म्हणावं तर त्याला धड मूळही नाही. त्याला काय लागतं? गोडं पाणी, आणि कुणी छळू नये, एवढंच. तिला ते आवडायला लागलं होतं, आणि आवडतंय याचाच तिला राग येत होता.

दसऱ्यानंतर दोघं गावी परतले. मैनानं गाठोडं उंबऱ्यात टाकलं आणि तडक विहिरीवर गेली.

पाण्यात पावसाचं पाणी मिसळलं होतं तरी खारेपणा जिभेला कळत होता. तीन भिंतींवर पाणी उतरल्यानंतरचा पांढरा खार नुकता धरायला लागला होता. आणि पूर्वेच्या भिंतीवर, मोतीरामच्या त्या आरशासारख्या गिलाव्याला, केसाएवढी चीर पडली होती. चिरेत हिरवा दोरा भरला होता.

तिचा हात सवयीनं काथ्याकडं गेला. आणि मधेच थांबला.

तिला चिखलदऱ्याचा उंबरठा दिसला. मीठ टाकलं तर हे मरतं. या विहिरीचं पाणी मीठ आहे. मग हे इथं जगतंय कशावर?

तिनं आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. ती भिंतीला टेकली आणि त्या चिरेला जीभ लावली. गोड होतं. चिखलदऱ्याच्या कातळासारखं थंड आणि गोड.

मैना पायरीवर बसली. गोड्या पाण्याचा एक पाझर पूर्वेकडून या विहिरीत येत होता; त्याच्यामुळं खारं पाणी पिण्याजोगं होत होतं. तो पाझर नेमका कुठं आहे ते शेवाळ वर्षानुवर्षं दाखवत बसलं होतं. आणि आपण काय केलं? आधी खरवडलं, मग नवऱ्याकडून ती वाट लिंपून बुजवून घेतली. वस्तीनं ज्या बाईला शाबासकी दिली त्याच बाईनं वस्तीचं पाणी घालवलं.

त्यानंतरचे दिवस मैनानं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. सांगावं तर विहीर वाचेल. पण सांगावं कसं? जानरावांना सांगायचं की तुमचा स्वच्छतेचा धडा हा असा निघाला? मोतीरामला सांगायचं की तुमचा गिलावा, ज्याच्यावर आपलं घर चाललंय, तो फोडा? ती रांधताना दोनदा मीठ घालायची. अंगण झाडून झालं की पुन्हा झाडायची. बोलायला तोंड उघडायची आणि भलतंच विचारायची.

शेवटी तिनं आडून सुरुवात केली. "तुमच्या गिलाव्याले तडा गेला वाट्टे," एके सकाळी ती म्हणाली.

मोतीराम चहाचा कप खाली ठेवून उठला. "माह्या कामाले तडा? कोन म्हनते?"

ती पुढं काही बोलायच्या आत तो थापी आणि उरलेलं सिमेंट घेऊन विहिरीत उतरला. मैना मागं धावली. "अहो, थांबा, ऐका तं..." पण त्याचा मान दुखावला होता. त्यानं चीर खरवडली, हिरवा दोरा खिळ्यानं उपसून काढला, सिमेंट भरलं आणि वरून हात फिरवला. "पाहा आता," तो म्हणाला, "दिसते काय कुठं?"

कुठंच दिसत नव्हतं. तिच्याकडं दाखवायला जे काही होतं तेही गेलं. मैना घरी आली आणि दाराआड तोंड करून रडली. मोतीरामला वाटलं, कामाला नावं ठेवली म्हणून हिला पस्तावा झाला. त्यानं मोठ्या मनानं तिला माफ केलं.

फाल्गुन उजाडला. रविवारी सकाळी वंदना झाल्यावर सगळी वस्ती विहिरीजवळच्या निंबाखाली बसली. जानरावांनी फार लांबवलं नाही. नदीतही आता पाणी राहिलं नव्हतं. दोन लेकरं हगवणीनं आजारी होती. "मान गिळून हो म्हनाव लागते," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मास्तरचा राहिला नाही. "खुशालरावांकडं आज निरोप धाडू. ओट्याखाली तं ओट्याखाली. लेकरं वाचली पायजे."

 जाईबाई जमिनीवर काडीनं रेघा मारत होती. मैनाला बसल्या जागी अंगभर मुंग्या येत होत्या. ती दोनदा उठली, दोनदा बसली. तिसऱ्यांदा उठली ती बोलायलाच.

"निरोप धाडू नोका, दादा. विहिरीत गोडं पानी हाय. पूर्वेच्या भितीमागं हाय. ते शेवाळ येत होतं ना, ते त्याच्यामुळं येत होतं. खाऱ्या पान्यावर ते जगतच नाई, म्या मीठ टाकून पाह्यलं. म्या ते घासत होती, अन् मंग यायले सांगून म्याच ती जागा बंद करवली. गिलावा केला अन् पुढच्याच सालात पानी बिघडलं, आठवा तुमी. भित फोडा."

 मग मागून कोणीतरी हसलं. "शेवाळ पाहून पानी सांगते! आता पानी शोधाले पायाळू मानसाची गरज नाई राह्यली." आणखी दोघं हसले. जानराव हसले नाहीत, पण त्यांनी मोतीरामकडं पाहिलं, कारण भिंत त्याची होती.

मोतीरामचं तोंड लालबुंद झालं होतं. "घरात बोलता नाई आलं तुले? चार लोकायत माह्यं काम खोटं पाडतं?"

"घरात बोलली म्या. तुमी सिमेंट भरून आले."

"तं हातही लावनार नाई मी त्या भितीले. अन् कोनाले लावूही देनार नाई."

 मैना घरात गेली, मोतीरामच्या पेटाऱ्यातला हातोडा आणि छिन्नी काढली, आणि सगळ्यांच्या देखत विहिरीच्या पायऱ्या उतरू लागली. लोक काठावर जमा झाले.

तिला चीर नेमकी कुठं होती ते डोळे मिटूनही सांगता आलं असतं. तिनं छिन्नी टेकवली आणि हातोडा मारला. छिन्नी सरकली. पुन्हा मारला, तो अंगठ्यावर बसला. गिलाव्याचा टवकाही उडाला नाही. मोतीरामनं काम चांगलं केलं होतं. ती वेड्यासारखी मारत राहिली, वाकडं तिकडं, जोर एकीकडं आणि धार एकीकडं. अंगठ्यातून रक्त आलं. वर कोणी हसत नव्हतं.

मोतीराम दहा ठोके काठावर उभा राहून बघत होता. अकरावा ठोका छिन्नीच्या डोक्यावरून घसरून दगडावर खणाणला, आणि त्याच्यानं राहवेना. त्याचं काम कोणी फोडतंय हे त्यानं सोसलं असतं कदाचित. पण इतकं वाईट फोडतंय हे त्याला सोसवेना. तो दणादण पायऱ्या उतरला.

"आन इकडं! हात तोडून घेतं काय? छिन्नी अशी धरत असते काय कोनी?"

त्यानं हातोडा हिसकला, छिन्नी तिरपी धरली आणि तीन ठोक्यांत पाटाएवढा गिलावा उडवला. मागचा दगड काळसर दिसला. त्यानं हात लावला. "कोरडा हाय," तो म्हणाला. वरून जानराव म्हणाले, "जाऊ दे मोतीराम, ये वर."

पण मोतीराम दगडाकडं बघत होता. तो दगड त्यानंच बसवला होता. त्यानं सांध्यात छिन्नी घातली, पहारीसारखी दाबली, दगड करकरला आणि हातभर पुढं आला. त्याच्यामागं वाळू होती, कुठल्यातरी जुन्या, बुजलेल्या नाल्याची बारीक वाळू. ती ओली होती. दोघं बघत असतानाच वाळू चकाकली, दगडाच्या कडेवर पाणी गोळा झालं, आणि पहिला थेंब पडला. मग दुसरा. मग करंगळीएवढी धार लागली.

मोतीरामनं बोट ओलं करून जिभेला लावलं.  मग तो वर न बघताच ओरडला, "गोड हाय!"

वर एकच गलका झाला. बाया घागरी आणायला घरांकडं पळाल्या. जानराव चष्मा काढून पुसत होते. जाईबाईला दोघींनी धरून खाली आणलं. तिनं धारेखाली ओंजळ धरली, प्याली, आणि पुन्हा धरली. 

"आनखी दोन दगड काढतो," मोतीराम म्हणाला, त्याला आता चेव आला होता. "पाट वाहवतो इथून!" त्यानं छिन्नी टेकवली. मैनानं त्याचं मनगट धरलं.

"पुरे."

"अव, पन येवढ्याशानं काय होते?"

"प्यायले पुरते. वाळू ढासळली तं हेही जाईन. आता काई करू नोका. राहू द्या जसं हाय तसं."

मोतीराम तिच्याकडं बघतच राहिला. राहू द्या हा शब्द या बाईच्या तोंडून त्यानं लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता. त्यानं छिन्नी खाली ठेवली. जाईबाईला वर नेलं होतं, बाया अजून यायच्या होत्या. पायरीवर दोघंच होती. फुटलेल्या गिलाव्याच्या कडेला, चिरेच्या वरच्या टोकाशी, त्याच्या खिळ्यातून सुटलेला, आतापर्यंत सिमेंटखाली झाकलेला नखाएवढा हिरवा तुकडा तगून राहिला होता.

"पन मले येक सांग," मोतीराम म्हणाला. "इतकी चीड कावून होती व तुले त्याची? लोकायच्या विहिरीत शेवाळ नसते काय?"

मैना अंगठा पदरात गुंडाळत होती. ती थांबली.

"लहानपनी आमी नाल्यातल्या झिऱ्याचंही पानी आनू," ती म्हणाली. "त्याच्या काठाले असंच हिरवं राहे. मले तं आवडे ते. मी त्याच्यावर पाय ठेवून उभी राहू. येक दिस ओट्यावरची बाई माह्या घागरीत पानी ओतता ओतता दुसरीले म्हने, यांच्या झिऱ्याले शेवाळ अन् यांच्या आंगालेही शेवाळ. दोघीही हासल्या. मी घरी येऊन पाय दगडानं घासले, सालं निघेपर्यंत."

पाण्याची धार खालच्या पाण्यात पडत होती. 

"दीक्षा घेतली तवा आपन सारं सोडलं. देवाचे टाक नाल्यात सोडले, उपास सोडले, नवस सोडले. अन् त्या बाईची किळस तेवढी म्या घरी ठेवून घेतली, माहीच हाय समजून. इतकी वर्सं सांभाळली. त्यायनं पानी देल्लं नाई म्हनू आपन. अन् त्यायचंच आयकून म्या आपल्या लोकायचं पानी बंद केलं."

 मोतीराम तिच्या शेजारी ओल्या पायरीवर बसला.

वरून घागरींचा आवाज आला. पहिली बाई घाईघाईनं उतरत आली आणि म्हणाली, "मैना, सरक थोडी, घागर लावू दे." मैना उठली. सरकताना तिनं पदर आवरून छातीशी धरला, त्या नखाएवढ्या हिरव्याला घासू नये म्हणून, आणि बाईला वाट करून दिली.